बीएससी बायोटेक संपतंय, पुढे एमएससी करावं का? खरंच स्कोप आहे का?

तुझा प्रश्न मला कळला तो असा. बीएससी बायोटेकचं शेवटचं वर्ष चालू आहे, सत्तर टक्क्यांच्या आसपास आहेत, घरी शेती, वडील म्हणतात शिक पण जवळच्या कॉलेजात एमएससीची फी वर्षाला नव्वद हजार आहे, आणि मामा म्हणतात बायोटेकला काही स्कोप नाही, त्यापेक्षा बीएड कर. शेवटी लिहिलंयस "ताई-दादांनी खरं काय ते सांगा". म्हणून ताई म्हणूनच लिहिते आणि एकेरीत लिहिते, माझा धाकटा भाऊ तुझ्याच वयाचा आहे.

मी एमएससी बायोटेक २०१५ ची. तेव्हापासून पुण्याजवळच्या एका कंपनीत डाउनस्ट्रीमला आहे, म्हणजे पेशींनी तयार केलेलं प्रोटीन बाकीच्या सगळ्या गाळसाळातून वेगळं काढायचं आणि शुद्ध करायचं. गेली चार वर्षं नव्या मुलांचे इंटरव्ह्यू पण घेते.

एमएससी कर. पण नव्वद हजार भरून जिथे मिळेल तिथे करू नकोस. चार सेमिस्टर असतात, त्यातलं शेवटचं डिझर्टेशनचं, म्हणजे स्वतः लॅबमध्ये एक प्रोजेक्ट करून तो लिहून काढायचा, आणि माझ्या मते पुढचं सगळं त्या पाच-सहा महिन्यांवर ठरतं. ते तू कुठे, कोणाच्या हाताखाली आणि कशावर काढणार आहेस हे आधी बघायचं, कॉलेजचं नाव आणि फी नंतर.

असं का म्हणते ते सांगते. मागच्या वर्षी एक मुलगा इंटरव्ह्यूला आला, एमएससीला ८२ टक्के, बोलायला चुणचुणीत. मी त्याच्यापुढे एका क्रोमॅटोग्रामचं, म्हणजे प्रोटीन कॉलममधून (पदार्थ वेगळे करायच्या भरलेल्या नळीतून) बाहेर पडताना निघणाऱ्या आलेखाचं, प्रिंटआउट ठेवलं, त्यात पीक सरळ वर चढतो पण उतरताना शेपटीसारखा लांबत जातो, आणि विचारलं की हे असं का झालं असेल. त्याने मला क्रोमॅटोग्राफीची व्याख्या सांगितली. परत विचारलं तर प्रकार सांगितले. त्याच्यानंतर एक मुलगी आली, ६१ टक्के, नांदेडकडची, तिने कागद जवळ ओढला, बोटाने ती शेपटी दाखवली आणि म्हणाली मॅडम कॉलम किती वेळा वापरलाय, पॅकिंग बिघडलं असेल नाहीतर लोड जास्त झाला असेल, आमच्याकडे असं झालं की सर आधी बफरचा पीएच बघायला लावायचे. पाच महिने रोज तिने स्वतः कॉलम चालवला होता. तिला घेतलं. त्या मुलाचं मला मनापासून वाईट वाटलं कारण चूक त्याची नव्हती, त्याच्या कॉलेजने डिझर्टेशनच्या नावाखाली इंटरनेटवरचे पेपर वाचून रिव्ह्यू लिहून घेतला होता आणि त्याला वाटलं की असंच असतं.

मामा म्हणतात ते अगदीच खोटं नाही. बायोटेक या शब्दाची हवा होती तेव्हा खूप ठिकाणी कोर्स निघाले, फळा होता, खडू होता, पण लॅब नव्हती. मी बीएससी केलं तिथे शेकरवर, म्हणजे पेशी हलवत वाढवायच्या मशीनवर, वर्षभर कव्हर घातलेलं असायचं, एक्स्टर्नल यायच्या दिवशी कव्हर निघायचं. अशी पोरं पास होऊन बाहेर आली, नोकरी मिळेना, मग लोक म्हणणारच ना की स्कोप नाही. पण काम आहे, डोळ्यांसमोर आहे. पुण्यात सीरम १९६६ पासून आहे, लस बनवते, हैदराबादला जीनोम व्हॅली हा बायोटेक कंपन्यांचा पट्टा आहे, तिथल्याच शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये रिकॉम्बिनंट, म्हणजे जीन घातलेल्या पेशींकडून बनवून घेतलेली, हिपॅटायटिस बीची लस आणली, बंगळुरूला बायोकॉन १९७८ ची, आणि कोविडसाठीची भारतातली पहिली एमआरएनए लस पुण्याच्या जेनोव्हाने केली. या सगळ्यांना माणसं लागतात, पण शेकर चालू असलेल्या लॅबमधून आलेली.

आता पैशाचं, कारण तुझ्या घरी खरा प्रश्न तोच दिसतोय. केंद्र सरकारचा बायोटेक्नॉलॉजी विभाग, सगळे डीबीटी म्हणतात, १९८६ चा, हा काही विद्यापीठांतल्या एमएससीला पैसा देतो आणि त्या जागा जीएटी-बी नावाच्या परीक्षेतून भरतात. मी दिली तेव्हा ती जेएनयू घ्यायची आणि आम्ही सीईईबी म्हणायचो. पुणे विद्यापीठ त्यात आहे, बडोदा आहे, जेएनयू, हैदराबाद, मदुराई आहेत, गोवा विद्यापीठात मरीन बायोटेक आहे. या मार्गाने लागलास तर एमएससी बायोटेकला महिना ५,००० रुपये स्टायपेंड असतो, म्हणजे दोन वर्षांचे १,२०,०००. आणि तू जिथे जायचं म्हणतोयस तिथे दोन वर्षांत १,८०,००० घालवणार. हा हिशोब कागदावर मांडून वडिलांना दाखव. विद्यापीठाची फी आणि मेस सुटणार नाही हे मला माहितीये, तरी एका शेतकऱ्याच्या घरात हा फरक केवढा असतो ते तुला मी सांगायला नको.

पेपर कसा असतो ते नीट वाच कारण आपली बरीच मुलं इथेच अडकतात. दोन भाग, तीन तास, एकूण २४० मार्क. पहिल्या भागात ६० प्रश्न, सगळे सोडवायचे, आणि ते बायोटेकचे नसतात, अकरावी-बारावीचं फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायोलॉजी असतं, एक मार्क आणि चुकलं की अर्धा कापतात. दुसऱ्या भागात १०० प्रश्न देतात, त्यातले ६० सोडवायचे, तीन मार्काला एक, चुकलं की एक वजा. म्हणजे खरे मार्क दुसऱ्या भागात आहेत, १८०, आणि तिथे तुला निवडायला वाव आहे, सगळे प्रश्न एकदा वाचून काढायचे आणि ज्यात खात्री आहे तेच धरायचे. बारावीला मॅथ्स सोडलेली मुलं पहिल्या भागाला घाबरून फॉर्मच भरत नाहीत. मी पण मॅथ्स सोडलं होतं. लॉग, प्रोबॅबिलिटी, साधं डिफरेन्सिएशन एवढं तीन महिने रोज तासभर केलं आणि तेवढ्यावर भागलं.

दुसरी परीक्षा आयआयटीची जॅम, त्यात बायोटेक्नॉलॉजीचा वेगळा पेपर असतो, फेब्रुवारीत होते, आयआयटी मुंबईतलं एमएससी बायोटेक त्यातूनच. दोन्ही फॉर्म भर, अभ्यास बराचसा एकच आहे. बायोकेमिस्ट्री, मॉलिक्युलर बायोलॉजी, इम्युनॉलॉजी पक्कं कर. जेनेटिक्सची गणितं वाचू नकोस, सोडव.

आणि या दोन्हीत नाही झालं तर? तर साधं राज्य विद्यापीठ किंवा जुनं अनुदानित कॉलेज चालेल, पण पैसे भरायच्या आधी तिथे एकदा जाऊन ये. ऑफिसमध्ये माहितीपत्रक मागू नकोस, दुपारी तीन-चारला लॅबकडे जा. प्रॅक्टिकल चालू आहे का बघ. लॅमिनारजवळ, म्हणजे जंतुविरहित हवेत काम करायच्या कपाटाजवळ, लॉगबुक लटकवलेली असते, तिच्यात शेवटची नोंद कधीची आहे ते बघ, दोन महिन्यांपूर्वीची असली तर समजून जा. मग एमएससी सेकंड इयरच्या दोन-तीन जणांना गाठून विचार की मागच्या बॅचने डिझर्टेशन कुठे केलं. एनसीएल, एनसीसीएस, आघारकर, आयसर या पुण्यातल्या संशोधन संस्था किंवा एखादी कंपनी, अशी नावं आली तर ठीक, किंवा तिथल्याच सरांच्या चालू प्रोजेक्टवर केलं म्हणाले तरी उत्तम. "प्रोजेक्ट सगळ्यांनी ग्रुपमध्ये केला, दहा जणांचा एक" असं ऐकलंस तर सरळ घरी ये.

माझं डिझर्टेशन ई. कोलाय या जिवाणूमध्ये एक एन्झाइम बनवायचं होतं. बनायचं भरपूर, पण सगळं गोळा होऊन तळाच्या पेलेटमध्ये, म्हणजे खाली बसलेल्या गाळात, बसायचं, विरघळलेल्या भागात काहीच नाही. अडीच महिने हेच. गाइड मॅडमनी एकच सांगितलं, तापमान उतरव आणि घाई सोड. मग ३७ ऐवजी १८ अंशाला ठेवलं, आयपीटीजी, म्हणजे एन्झाइम बनवायला सुरू करणारं रसायन, कमी केलं, रात्रभर वाढवलं. दुसऱ्या दिवशी जेल चालवलं, त्यात प्रोटीन आकाराप्रमाणे वेगवेगळ्या उंचीवर पट्ट्या होऊन बसतात. कूमासी या निळ्या रंगातून काढलं की आधी अख्खं जेल निळंच असतं, काही कळत नाही, मग रंग उतरवायच्या, डीस्टेनच्या डबीत ते हळूहळू हलत राहतं आणि तास-दीड तासाने मागचा निळा उतरायला लागतो. मी स्टुलावर बसून नुसती बघत होते. तिसऱ्या लेनमध्ये, विरघळलेल्या भागाच्या, एक बारीक पट्टी वर आली, अगदी पाहिजे त्याच उंचीवर. मी हॉस्टेलवरच्या मैत्रिणीला फोन करून रडले. आज कामावर एखादी बॅच बिघडली की मी घाबरत नाही, एका वेळी एकच गोष्ट बदलते आणि वाट बघते, ते त्या अडीच महिन्यांमुळे. हे कुठल्याही थिअरीच्या तासाला मिळालं नसतं रे.

पगाराचं खोटं सांगणार नाही. २०१५ ला माझ्या हातात साडेसतरा हजार यायचे, शिफ्ट असायची, आणि कॉम्प्युटरवाल्या मैत्रिणींच्या निम्मा पण नव्हता. पहिली तीन वर्षं ओढाताणीचीच गेली, नंतर जीएमपीचा, म्हणजे औषधं बनवायच्या कारखान्यातल्या दर्जाच्या नियमांनी काम करायचा, अनुभव झाल्यावर फरक पडला. घरी लगेच पैसे द्यायची वेळ असेल तर हे वडिलांशी आधीच बोलून घे, नंतर त्यांना धक्का बसायला नको.

पीएचडीचं आत्ता ठरवू नकोस. सीएसआयआर नेट या परीक्षेतून जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) लागली तर महिना ३७,००० फेलोशिप मिळते, चांगली आहे, पण पाच-सहा वर्षं एकाच प्रश्नामागे राहायची तयारी लागते, आणि नोकरी मिळत नाही म्हणून पीएचडीला गेलेली माझ्या ओळखीतली दोघं फार दमली. एमएससीच्या पहिल्या वर्षी सायन्स अकॅडमीजच्या समर फेलोशिपला अर्ज कर, दोन महिने एखाद्या खऱ्या रिसर्च लॅबमध्ये काढायला मिळतात, तिथे तुझं तुलाच कळेल.

जर्मनीचं विचारलंयस. तिथल्या बऱ्याचशा सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही हे खरं, पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आपल्याला सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, आधी आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासून देतात ते एपीएस सर्टिफिकेट लागतं, आणि व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे अकरा-बारा हजार युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. त्यासाठी शेत गहाण ठेवायचा विषय घरी निघणार असेल तर माझं मत नको असं आहे. इथे एमएससी कर, मग तिकडे फंडेड पीएचडीला जा, तिथे पगार मिळतो.

बीएड वाईट नाही, शिकवायची मनापासून आवड असेल तर जरूर कर. पण तू प्रश्नात लिहिलंयस की डीएनए आयसोलेशनच्या प्रॅक्टिकलला काचेच्या कांडीवर ते पांढरे धागे गुंडाळले गेले तेव्हा तुला घरी जावंसं वाटत नव्हतं. ते वाचून मी हे सगळं टाइप करायला बसले.

जॅमचा फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतो, जीएटी-बीचा त्यानंतर, तारखा त्यांच्या वेबसाइटवरच बघ, कोणी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या नको. आणि अकरावी-बारावीची फिजिक्स-मॅथ्सची पुस्तकं अजून माळ्यावर असतील तर आजच खाली काढ, तुझी नसतील तर गावात कोणाची तरी मिळतील.