तलावातल्या गाळात जड धातू?

प्रश्न : आमच्या तलावाला औद्योगिक वसाहतीचा नाला मिळतो. गाळ शेतात टाकण्याआधी काय तपासावं? – एक शेतकरी, जालना जिल्हा

उत्तर : तपासाच. शेतात पसरलेलं शिसं, कॅडमियम परत काढता येत नाही. नाल्याच्या मुखाशी आणि त्याचं पाणी न पोचणाऱ्या काठावर वेगवेगळे नमुने घ्या. जेवढं खोल उकरणार तेवढ्या खोलीचेही, कारण जुनं प्रदूषण खालच्या थरात असतं. जस्ताचा मुलामा दिलेलं घमेलं नको, जस्ताचा आकडा फुगतो. प्लास्टिकचा डाव वापरा, सावलीत वाळवा. धातू बारीक कणांना चिकटतात, वाळू जास्त असली की आकडा फसवा कमी येतो. म्हणून प्रयोगशाळेकडून 63 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कणांचा भाग तपासून मागा. आपली काळी माती बेसॉल्ट खडकापासून झालेली, तिच्यात तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच बरंच. त्यामुळे काठावरच्या नमुन्याशी तुलना केल्याशिवाय आकड्याला घाबरू नका.