दिवसातून तीनदा पुसूनही दारातली फरशी मळकीच का दिसते?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. सांगलीत विश्रामबागच्या पुढे नव्या प्लॉटिंगमध्ये घर, गेटपासून पायरीपर्यंत मोकळी काळी माती, पोर्चमध्ये दोन गाड्या आणि दारात पांढरट चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल. जूनपासून तीन-तीनदा पुसूनही वर धुरकट थर आणि सांधे काळेच. त्यात सासूबाईंचा पाय घसरता घसरता वाचला. आता स्पिन मॉप घ्यावा का आणि कुठलं लिक्विड चांगलं, असं तुम्ही विचारलंय.

मॉप कुठलाही घ्या, फार फरक पडणार नाही. पुसणं कमी करा, फरक पडेल. चेष्टा करत नाही, कारण सांगते.

आपली कृष्णाकाठची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ओली असली की मळलेल्या कणकेसारखी चपलेला बसते, चार पावलांत टाच इंचभर उंच होते. तिच्यावर ओलं फडकं फिरवलं की ती निघत नाही, पातळ होऊन सगळीकडे पसरते आणि सांध्यांत जाऊन बसते. वाळल्यावर दिसतो तोच तुमचा धुरकट थर. माझं माहेर साताऱ्यातल्या मेढ्याकडचं. तिकडची माती तांबडी. ती एवढी चिकटत नाही, पण तिचा रंग कपड्याला लागला की जाता जात नाही. म्हणून तिकडच्या बायका लगेच पाणी ओततात आणि ते बरोबरच आहे. इकडे तेच केलं की पसारा वाढतो.

तेव्हा पहिली सवय ही लावा, की दारात पडलेल्या काळ्या चिखलाला लगेच पाणी दाखवायचं नाही. मोठी ढेकळं सुपलीच्या कडेनं उचलून घ्या. राहिलेलं वाळू द्या, दमट दिवस असेल तर पंखा लावा. बोटानं दाबून बघायचं. बोटाला लागलं तर अजून थांबा. कडेनं पापुद्रा सुटून उचलायला लागला की ताठ ब्रशनं झाडा, जवळजवळ सगळं निघतं. मग एकदाच पुसायचं, तेही दोन बादल्या घेऊन: एक फडकं पिळायला, दुसरी स्वच्छ पाण्याची. एकाच बादलीत बुडवून बुडवून पुसलं तर आपण गढूळ पाण्यानंच फरशी सारवत असतो.

लिक्विडचं म्हणाल तर तुम्ही बहुतेक जास्त घालताय. साबणाचा अंश फरशीवर राहिला की किंचित चिकट थर तयार होतो आणि धूळ त्यालाच धरते. बादलीला अर्धा चमचा पुरे. फिनेल वासाला ठीक आहे, त्यानं चिखल निघत नाही. बोअरचं पाणी वापरत असाल तर शेवटचा हात नळाच्या पाण्याचा द्या आणि कोरड्या फडक्यानं टिपून घ्या. इकडे बऱ्याच बोअरना क्षार आहेत, फरशीवर पाणी तसंच सुकलं की पांढुरके ओघळ उमटतात.

आता खरं काम, ते उंबरठ्याच्या बाहेरचं. तुमच्या दारातला निम्माअधिक चिखल माणसांच्या पायांचा नसून गाड्यांच्या चाकांचा असणार. गाडी पोर्चमध्ये चढते, चाकांचा चिखल फरशीवर गळतो, मग घरातले त्यातून अनवाणी आत येतात. चप्पल दाराबाहेर काढायला लावून तिथं उपयोग होत नाही. पावसाळाभर गाड्या पायरीपासून लांब, गेटच्या बाजूला उभ्या करता येतात का बघा. पत्रा टाकावा लागला तरी चालेल.

गेट ते पायरी मुरूम टाकल्याशिवाय गत्यंतर नाही. नुसती खडी टाकू नका. काळी माती दोन पावसांत ती गिळून टाकते. आधी मुरूम, तो पाणी मारून चांगला दाबायचा, मग वर कच किंवा बारीक खडी. वीस फूट लांब, पाच फूट रुंद आणि सहा इंच जाड वाट धरली तर पन्नास घनफूट होतात, म्हणजे अर्धा ब्रास. दबल्यावर बसतो म्हणून थोडा जास्तच सांगा. मधोमध चालायला शहाबादीचे तुकडे टाकलेत तर अजून बरं. पॉलिश न केलेले घ्या, फरशीच्या दुकानात फुटके तुकडे स्वस्तात मिळतात.

जुन्या वाड्यांत दाराबाहेर पाण्याची बादली आणि तांब्या असायचा. बाहेरून आलेला माणूस पाय धुऊनच सोप्यात यायचा. नव्या बंगल्यांत तीन बाथरूम असतात, पण पाय धुवायला बाहेर नळ नसतो, हे मला अजून कळलेलं नाही. पायरीच्या बाजूला दोन बाय दोनचा खडबडीत दगड आणि गुडघ्याच्या उंचीवर एक नळ काढून घ्या. पाणी जाईल तिथं अळू नाहीतर कर्दळ लावा, चिखल होत नाही आणि वड्यांची सोय होते. पाय धुतल्यावर पुसायला वेगळं फडकं खिळ्याला अडकवून ठेवा, नाहीतर ओल्या पावलांची रांग थेट स्वयंपाकघरापर्यंत जाते.

पोर्चच्या पत्र्याला पन्हळ आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर पागोळ्या जिथं पडतात तिथं मातीवर खडीची वीतभर रुंद पट्टी टाका. भिंतीवर आणि पायरीवर उडणारे चिखलाचे शिंतोडे तेवढ्यानं थांबतात. पोर्चचा उतारही तपासा. आठ फुटांना इंचभर तरी उतार बाहेरच्या बाजूला हवा. तांब्याभर पाणी ओतलं की लगेच कळतं.

पायपुसण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. दारात एकच, तेही 'सुस्वागतम' लिहिलेलं काथ्याचं छोटं पायपुसणं ठेवणं म्हणजे न ठेवणंच. बाहेर खरवडणारं हवं, आत पाणी टिपणारं हवं, आणि दोन्ही मिळून चालणाऱ्याची चार पावलं तरी त्यांवर पडली पाहिजेत. काथ्याचं पायपुसणं कोरड्या धुळीला उत्तम, पण पावसात भिजलं की वाळत नाही, कुबट वास येतो. म्हणून जूनमध्ये ते माळ्यावर टाका आणि भोकाभोकाची रबरी मॅट आणा. ती उचलून आपटली आणि पाणी मारलं की साफ. काथ्याचं दसऱ्याला खाली काढा. आत जुन्या टॉवेलची जाड घडी शिवून घ्या, तीन तरी करा म्हणजे एक पायाखाली, एक दोरीवर आणि एक धुण्यात राहील. गोणपाटही चालतं, फक्त मार्केट यार्डातून हळदीचं पोतं आणू नका. ते ओलं झालं की खालची फरशी पिवळी होते, आणि घाबरून साबण लावला की डाग लाल होतो. हळदीचा रंग साबण, सोडा, चुना असल्या कुठल्याही अल्कधर्मी पदार्थानं लालच होतो. तसा डाग पडलाच तर साध्या पाण्यानं पुसा आणि ऊन लागू द्या. उन्हानं हळद उडते. उंबरठ्यावरच्या हळदीलाही हेच लागू.

सासूबाईंच्या घसरण्याकडे मात्र लगेच बघा. आज उद्या पायऱ्यांवर आणि दारासमोर खरखरीत अँटिस्किड टेपच्या पट्ट्या लावा, फरशी कोरडी करूनच, नाहीतर आठवड्यात सुटतात. सवडीनं दाराबाहेरच्या पहिल्या चार-पाच फुटांतली टाइल काढून फ्लेम फिनिश, म्हणजे खरखरीत पाठीचं ग्रॅनाइट बसवा. चकचकीत टाइल पोर्चमध्ये बसवणाऱ्या गवंड्यांशी माझं कधीच जमलं नाही. सांधे पुन्हा भरायची वेळ आली तर गडद रंगाचं इपॉक्सी ग्राउट घ्या. पांढरे सांधे काळ्या मातीच्या गावात टिकत नाहीत.

पायऱ्यांच्या सावलीतल्या कडेला श्रावणापर्यंत शेवाळ धरतं. दिसतं कमी आणि पाय जातो तो तिथंच. मूठभर ब्लीचिंग पावडर अर्ध्या बादलीत कालवा, गाळ बसू द्या, वरचं निवळ पाणी पायरीवर ओता, पंधरा-वीस मिनिटांनी ब्रशनं घासून भरपूर पाण्यानं धुवा. त्यावर किंवा त्याच्या आधी संडासाचं अ‍ॅसिड अजिबात ओतू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो जिवावर बेतू शकतो. तसंही शहाबादी, संगमरवर आणि मोझॅकवर अ‍ॅसिड घालायचंच नाही. त्यांत चुनखडी असते, अ‍ॅसिड तिला खातं आणि फरशी कायमची निस्तेज होते. लिंबू आणि व्हिनेगरही त्यातलेच. तुमच्या टाइलवर मात्र लिंबू चालेल. गॅसच्या टाकीच्या बुडाचं गंजाचं कडं उठतं ना, त्यावर लिंबू चोळून दहा मिनिटं ठेवा आणि पुसून घ्या.

चपला पावसाळ्यात बंद कपाटात ठेवू नका, बुरशी येते. जमिनीपासून वीतभर उंच उघडा स्टँड बरा, खाली झाडू फिरतो. मुलांना बूट झटकूनच घालायची सवय लावा. प्लॉटिंगच्या भागात विंचू निघतात.

तुमचा भाग पुराच्या पाण्यापासून लांब आहे, पण एक गोष्ट सांगून ठेवते, कारण नदीजवळच्या गावभागातल्या नातेवाइकांकडे मदतीला जायची वेळ कधीतरी येईल. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी त्याच्याही वर गेलं. पुराच्या गाळाला वर सांगितलेला नियम बरोबर उलटा आहे. तो वाळू द्यायचाच नाही. पाणी उतरायला लागलं की उतरत्या पाण्याबरोबरच वायपरनं आणि फावड्यानं गाळ बाहेर ढकलायचा. एकदा का तो घट्ट बसला की खरवडून काढावा लागतो आणि फरशीवर ओरखडे पडतात. पायात गमबूट हवेत, आणि शेवटचं धुणं ब्लीचिंगच्या पाण्यानं, कारण त्या गाळात गटारही आलेलं असतं.

पाऊस सरला की वर्षातली मोठी धुलाई घट बसायच्या आधी होतेच, त्यात सांगण्यासारखं नाही. फक्त सांधे तेव्हाच घासून घ्या, हवा कोरडी व्हायला लागलेली असते. दिवाळीत पणत्यांखाली द्रोण नाहीतर ताटली ठेवा. तेल सांडलंच तर पुसू नका, त्यावर कोरडं पीठ टाका, तेल शोषू द्या, झाडा, मग साबणाचा हात. दगडी पायरीवर सांडलं असेल तर खडूची भुकटी पाण्यात कालवून जाड थर रात्रभर ठेवावा लागतो, कधीकधी दोनदा. रंगीत रांगोळी काढून टाकताना आधी कोरडीच सुपलीत भरून घ्या. तिच्यावर पाणी पडलं की गुलाबी-जांभळा रंग सांध्यांत उतरतो.

आणि मग येतो उसाचा गळीत हंगाम, ज्याबद्दल नव्यानं राहायला आलेल्यांना कुणी सांगत नाही. आसपासच्या शिवारात पाचट पेटवलं की सकाळी दारात, गच्चीवर, तुळशीच्या कट्ट्यावर काळे लांबट पापुद्रे पडलेले असतात. हाताला लागले की काजळी. यांच्यावर ओलं फडकं नको आणि खराटाही नको. दोन्हींनी ते चुरगाळतात आणि काळे फरकाटे उठतात. थंडीत पहाटेचं दव पडतं, त्यानं ते फरशीला चिकटतात. तेव्हा ऊन वर येऊ द्या, दव उडू द्या, मग मऊ केरसुणीनं न दाबता हलक्या हातानं सुपलीत ओढा. वारा असेल तर मात्र थांबा, नाहीतर सगळे पापुद्रे उडून घरात शिरतात. ऊस जाईपर्यंत फरशी पुसायची वेळ सकाळऐवजी झाडून झाल्यावर, दहाच्या पुढे ठेवा.

उन्हाळ्यात धूळ, दुसरं काय. दुपारी पश्चिमेचं दार बंद ठेवा आणि काथ्याचं पायपुसणं रोज भिंतीवर आपटा, भरलेलं पायपुसणं धूळ अडवत नाही. सडा घालायचा तर मातीवर घाला, फरशीवर नको.

आता या महिन्यात करण्यासारखं म्हणजे रबरी मॅट, अँटिस्किड टेप, दोन बादल्या आणि गाड्यांची जागा. नळ दिवाळीनंतर काढा. मुरमाची ट्रॉली मात्र फेब्रुवारी-मार्चमध्येच सांगून ठेवा. एप्रिल-मेमध्ये सगळ्यांचीच बांधकामं चालू असतात आणि वळीव एकदा कोसळला की त्या कच्च्या रस्त्यानं ट्रॅक्टर तुमच्या गेटपर्यंत यायचा नाही.