मामांच्या पडवीतली जुनी अ‍ॅम्बॅसिडर इस्टेट पुन्हा रस्त्यावर कशी आणावी?

प्रश्न रत्नागिरीजवळ वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या 1972 च्या पेट्रोलवर चालणाऱ्या इस्टेटचा, म्हणजे मागे सामानासाठी छत लांबवलेल्या अ‍ॅम्बॅसिडरचा आहे. आधी एक सांगतो, बॅटरी जोडून लगेच सेल्फ मारू नका. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या आणि मग हाताने इंजिन फिरवा. फिरलं की निम्मी काळजी मिटली. टाकीतलं कुजकं पेट्रोल काढून टाकी धुवा. इंजिन ऑइल बदला. वायरिंग उंदरांनी कुरतडलंय का तेही बघा, पडवीत हे हमखास होतं.

पण कोकणात खरा शत्रू इंजिनात नसतो, खालच्या पत्र्याच्या गंजात असतो. या गाडीला वेगळी चासी (खालचा लोखंडी सांगाडा) नाही, बॉडीच सगळा भार घेते. त्यामुळे फ्लोअर, दारांखालची पट्टी आणि मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर, म्हणजे त्या बॉडीला जोडल्या जातात ती जागा, स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. आत गेला तर आधी वेल्डर गाठा. रंगाचं नंतर. पुट्टी मारून झाकणारा मिस्त्री असेल तर हात जोडून परत पाठवा.

ब्रेकचे व्हील सिलिंडर बहुतेक जाम असतील. रबरी कप, होस, ऑइल सगळं नवं. टायर दिसायला चांगले असले तरी बदलाच. हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) लवकर खराब होतात, तेही नवे घ्या.

कागदांचं म्हणाल, तर 50 वर्षांवरची मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण मग ती रोज चालवता येत नाही. बाजारहाटाला न्यायची असेल तर नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरणच करा.