क्लच तुझा की सरांचा?

प्रिय भाचीस,
अनेक आशीर्वाद.

आरटीओच्या ड्रायव्हिंग परीक्षेची तारीख मिळाल्याचा तुझा मेसेज वाचला. 'आठ'च्या आकाराचा ट्रॅक जमतो, रिव्हर्सच्या 'एच'मध्ये गाडी अधूनमधून खांबाला लागते आणि चढावर गाडी हमखास बंद पडते, असं लिहिलंयस. मला हे तीन वेगळे आजार वाटत नाहीत. तिन्हींचं मूळ क्लचमध्ये आहे, आणि तो क्लच बहुतेक अजून तुझ्या पायात आलेलाच नाही.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. गाडी गचके खायला लागली की सर गुपचूप आपला क्लच दाबतात. तुझ्या पायाखालचं पेडलही त्याबरोबर खाली जातं, पण गडबडीत ते लक्षात येत नाही. वाटतं, सांभाळली बरं का आपण! उद्याच त्यांना सांग, "सर, आज दोन्ही पाय मागे घेऊन बसा, अगदी धडकायची वेळ आली तरच ब्रेक मारा." त्या दिवशी गाडी दहा वेळा बंद पडेल. पडू दे.

त्याआधी सीट. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, आणि पाठ टेकलेली असताना मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर पोचलं पाहिजे. तू उशी घेऊन बसतेस ना, ती घसरणारी नको. क्लच दाबताना कंबर पुढे सरकली की पायाचा सगळा अंदाज जातो. पातळ तळाचे बूट घाल. चप्पल आणि जाड सोलचे स्पोर्ट्स शूज दोन्ही नकोत. रोज एकाच उंचीवर, एकाच अंतरावर बस. त्याचं कारण 'एच'पाशी सांगतो.

आता हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धवट सोडून गाडी सरकवणं. सपाट मोकळ्या जागेत पहिला गिअर टाक, उजवा पाय ब्रेकवरून काढ, अॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावू नकोस. डावा पाय बोट बोट वर आण. एका ठिकाणी इंजिनचा आवाज जड होतो, आरपीएमचा काटा किंचित खाली येतो, आणि बॉनेटचं नाक श्वास घेतल्यासारखं जरा वर उचलतं. तिथे पाय थांबव. गाडी आपोआप मुंगीच्या पावलांनी निघेल. दोन हात पुढे गेली की क्लच दाब, ब्रेक मार, पुन्हा पहिल्यापासून. रोज वीस वेळा. डिझेल गाडी नुसत्या क्लचवर सहज निघते; छोट्या पेट्रोल गाडीला अॅक्सिलरेटर दाबून किंचित रेस द्यावी लागते. बंद का पडते तेही समजून घे. चाकं उभी असतात, इंजिन फिरत असतं. क्लच एकदम सोडलास की उभी चाकं इंजिनला खाली खेचतात, त्याचे फेरे आयडलच्या, म्हणजे रेस न देता असतात त्याच्याही खाली जातात आणि ते गुदमरतं. क्लच धरतो ती जागा, म्हणजे ही पकड, प्रत्येक गाडीत वेगळ्या उंचीवर असते. क्लच प्लेट झिजलेल्या जुन्या गाडीत ती बरीच वर सापडते. म्हणून परीक्षा ज्या गाडीवर द्यायची, त्याच गाडीवर शेवटचे तीन-चार दिवस हात बसव.

चढाचं दुखणं बहुतेकांचं सारखंच असतं, हँडब्रेक आधी सोडायचा आणि मग क्लच शोधायचा. तेवढ्यात गाडी हातभर मागे येते, आपण दचकून क्लच सोडतो, आणि इंजिन गप्प. क्रम उलटा कर. गाडी थांबली की हँडब्रेक घट्ट ओढ. पहिला गिअर. एसी बंद, कारण कॉम्प्रेसर इंजिनची ताकद खातो आणि छोट्या इंजिनला चढावर ती पुरत नाही. आता रेस दे, काटा दीड हजाराच्या जरा वर जाईल इतकी, आणि ती तशीच धरून ठेव. डावा पाय हळूहळू वर. नाक उचललं, गाडी हँडब्रेकला ओढ द्यायला लागली, मागचा भाग किंचित दबला, की दोन्ही पाय आहेत तिथेच गोठव. मगच बटण दाबून हँडब्रेक पूर्ण खाली सोड. गाडी मागे येणारच नाही. चाकं फिरायला लागल्यावर क्लच उरलेला सोड, तोही सावकाश. आणि मागे यायला लागलीच तर काहीही शोधत बसू नकोस: ब्रेक आणि क्लच दोन्ही तळापर्यंत, हँडब्रेक वर, पुन्हा पहिल्यापासून. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत हिल होल्ड असतं, ब्रेकवरून पाय काढल्यावर गाडी एक-दोन सेकंद धरली जाते. परीक्षेच्या गाडीत ते आहे की नाही, आधी विचारून घे. त्या सवयीवर दुसऱ्या गाडीत बसलीस की फसशील.

'आठ'मध्ये वेग चालत्या माणसाइतका, त्याहून जास्त नको. नजर बॉनेटवर नको, वळणाच्या पुढच्या टोकावर हवी. हात डोळ्यांच्या मागे जातात. वळताना मागचं आतलं चाक पुढच्या चाकापेक्षा आतून कापत जातं. त्यामुळे पुढचं चाक रेषेच्या आत होतं तरी मागचं लागतं, आणि आपल्याला कळत नाही कसं. गाडी बाहेरच्या रेषेला धरून ने.

'एच'मध्ये सगळं बरोबर उलट. रिव्हर्समध्ये स्टेअरिंग कापलंस की गाडीचं तोंड बाहेरच्या बाजूला झोका खातं, म्हणून लागतो तो बहुतेक वेळा पुढचा कोपरा, आणि आपण मात्र मान मोडून मागे बघत असतो. सर खुणा शिकवतात: मागच्या खिडकीत खांब दिसला की स्टेअरिंग पूर्ण काप, वगैरे. खूण खोटी नसते, पण ती त्या गाडीपुरती आणि त्या सीटपुरती खरी असते. सीट चार बोटं पुढे सरकली की खांब खिडकीत वेगळ्या जागी दिसतो आणि सगळं गणित चुकतं. दोन्ही बाजूंचे आरसे थोडे खाली कर, मागचं चाक आणि जमिनीवरची रेषा एकत्र दिसेल इतके. चाक आणि रेषा यांच्यातलं अंतर कोणत्याही गाडीत खरं तेच सांगतं. इथेही हाफ क्लचच. गाडी जितकी हळू, तितका स्टेअरिंग फिरवायला वेळ जास्त.

पुण्यासारखी नाशिक फाट्याच्या आयडीटीआरवर, म्हणजे ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर, परीक्षा असेल किंवा कॅमेरे लावलेला दुसरा कुठला ट्रॅक असेल, तर चाक रेषेवर गेलं म्हणजे गेलं, तिथे विनवण्या चालत नाहीत. आपली पाळी येण्याआधी तासभर पुढच्यांच्या गाड्या बघत उभी राहा. कोण कुठे चुकतं ते पाहून निम्मी भीती जाते.

रस्त्यावरच्या भागात इन्स्पेक्टर पहिला अर्धा मिनिट फार बारकाईनं बघतात. सीटबेल्ट, आरसे, गिअर न्यूट्रलला आहे का हे हलवून बघणं, मग स्टार्टर. निघताना इंडिकेटर, आरसा, उजव्या खांद्यावरून एक नजर. थांबताना आधी ब्रेक, वेग दहा-पंधरावर आला की क्लच. उलट केलंस तर इंजिनचा आधार सुटतो आणि गाडी नुसती घरंगळते. हाताच्या खुणाही विचारतात: उजवीकडे वळताना हात सरळ बाहेर, वेग कमी करताना तळवा खाली करून हात वर-खाली, डावीकडे वळताना हात घड्याळाच्या उलट दिशेनं गोल.

कागदांचं थोडक्यात. लर्निंग लायसन सहा महिने चालतं आणि मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. नापास झालीस तर सात दिवसांनी पुन्हा. तीनदा नापास झालीस तर शेवटच्या परीक्षेपासून साठ दिवस थांबावं लागतं. म्हणून सहाव्या महिन्यापर्यंत ढकलू नये, आणि तू ढकललं नाहीस ते बरं केलंस. आपली गाडी नेणार असशील तर आरसी, विमा, पीयूसी मुदतीत आहेत ना बघ. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल', पाटी चौकोनी, प्रत्येक बाजू किमान १८ सेंटिमीटर. वहीच्या कागदावर पेननं काढलेला नको. आणि आरटीओपर्यंत एकटी गाडी चालवत जाऊ नकोस, शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस हवाच. तिथे एखादा एजंट 'मॅडम, ट्रॅकवर न जाता करून देतो' म्हणेल. मान हलवून पुढे जा.

शनिवारी रात्री मी पोचतोय. रविवारी सकाळी सहाला तुमच्या सोसायटीच्या बेसमेंटचा उतार रिकामा असतो, वॉचमनला आधी सांगून ठेव. किल्ली आणि बूट तयार ठेव, उशी मी आणतो.

तुझा,
मामा