मारलं कोणालाच नाही, पण विचारलं कोणाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : उद्या कोणी राजीखुशीने आपल्या स्नायूच्या चार पेशी दिल्या, त्या प्रयोगशाळेत वाढवून मांस तयार केलं, कोणाचा जीव गेला नाही, तर ते माणसाचं मांस खाण्यात चूक काय? आणि चूक नसेल, तर नुसत्या कल्पनेनेच पोटात ढवळतं का? माझी सगळी नोकरी मिरजेत पॅथॉलॉजीत झाली. माणसाच्या शरीराचे काढलेले तुकडे रोज हाताखालून जायचे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ढवळण्याबद्दल. किळस येते म्हणून एखादी गोष्ट पाप ठरत नाही. आपल्या सांगलीच्या बाजूला जैन शेतकऱ्यांची घरं भरपूर. शेजारी मटणाचा रस्सा उकळायला लागला की त्यांना होणारा त्रास अगदी खरा असतो, पण तेवढ्यावरून रस्सा खाणारा गुन्हेगार होत नाही. तेव्हा किळस बाजूला ठेवू.

पण किळस बाजूला ठेवल्यावरही एक गोष्ट उरते. मधुमेहाने सडलेला पाय कापावा लागणं दवाखान्यात नवीन नाही. नियमाप्रमाणे तो पाय पिवळ्या पिशवीत जातो आणि पुढे जाळला जातो. तरी नातेवाईक दाराशी यायचे, हळू आवाजात विचारायचे, "साहेब, पाय आमच्या ताब्यात मिळंल का? मातीत घालतो." त्या पायात जीव नव्हता, पेशंटला तो पुन्हा लागणार नव्हता, वास मारत होता. तरी त्यांच्या लेखी तो कचरा नव्हता, त्यांच्या बापाचा पाय होता. बाळंतपणानंतरची वार पुरतात तीही याच भावनेने. ही किळस नव्हे, हा आब आहे. वेदना झाली नाही एवढ्याने हिशेब पुरा होत नाही, असं मला वाटतं ते यामुळे.

तंत्राबद्दल एक गैरसमज काढून टाकू. टिश्यू कल्चरची जी-नाइन केळी आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे काहींना वाटतं की पेशी वाढवल्या तर माणूसच उगवेल. तसं नाही. केळीच्या छोट्या तुकड्यातून अख्खं झाड उभं राहतं, स्नायूच्या पेशीतून मात्र नुसता स्नायूच होतो. त्याला मेंदू नाही, भूक नाही, दुखणं नाही. म्हणजे 'हा खून आहे' हा आक्षेप टिकत नाही.

'कोणालाच इजा नाही' हेही मात्र तपासून घ्यावं लागेल. पेशी वाढवायला खाद्य लागतं. २०१३ मध्ये लंडनमध्ये डच शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी प्रयोगशाळेतलं पहिलं बर्गर लोकांसमोर आणलं, खर्च सुमारे अडीच लाख युरो. त्या पेशी वाढवताना वासराच्या गर्भाच्या रक्तातला सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ द्रव, वापरला होता. तो मिळतो कत्तलखान्यात, गाभण गाय कापल्यावर. आता अनेक कंपन्या सीरमशिवाय पेशी वाढवतात, तरीही कोणी 'हिंसामुक्त' म्हणालं की आधी खाद्य कशाचं होतं ते विचारावं. नेमकं याच मुद्द्यावर बोट ठेवण्यासाठी २०२० मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियममध्ये एक कलाकृती मांडली होती : माणसाच्या पेशी, मुदत संपलेल्या मानवी रक्ताच्या सीरमवर वाढवलेल्या. ती विकायला नव्हती, खायलाही नव्हती.

आता माझ्या मते खरा प्रश्न. संमती. तुम्ही 'राजीखुशीने' हा शब्द सहज लिहून गेलात, पण सगळं त्यावरच अडतं. १९५१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय बाईच्या कर्करोगाच्या पेशी तिला न विचारता घेतल्या. बाई त्याच वर्षी गेली. पेशी आजही जगभर वाढतात. त्यांच्यावर पोलिओच्या लशीचं काम झालं, मोठमोठे धंदे उभे राहिले आणि घरच्यांना कळलं ते वीसेक वर्षांनी. दुसरं उदाहरण अमेरिकेतल्याच जॉन मूर या पेशंटचं. उपचारात काढलेल्या त्यांच्या प्लीहेच्या (स्प्लीनच्या) पेशींवर डॉक्टरांनी पेटंट घेतलं. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डॉक्टरांनी आधी सांगायला हवं होतं, पण शरीरातून काढलेल्या पेशींवर मूर यांची मालकी नाही.

या दोन्ही वेळी पेशी निदान औषधाच्या, संशोधनाच्या कामी आल्या. उद्या त्या ताटासाठी वाढवायच्या म्हटल्या, तर एकदा केलेली सही किती वर्षं चालणार? देणारा मेल्यावर त्याची मुलं 'थांबवा' म्हणू शकतील का? मिरजेत मेडिकल कॉलेजला देहदान करणारा माणूस अर्ज भरतो तो मुलांनी शिकावं म्हणून. त्याची संमती त्या कामापुरती असते, देहाचं वाटेल ते करा असं तो लिहून देत नाही. आणि दवाखान्यातले कागद कसे सही होतात ते मी पाहिलंय. अंगठा उठवणारी म्हातारी वाचत नाही, ती डॉक्टरच्या तोंडाकडे बघते.

त्यात पैसा आला की काय होतं हे आपल्याला माहीत आहे. पैसे घेऊन रक्त देणारे दाते आपल्या देशात १ जानेवारी १९९८ पासून बंद झाले, तेही सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. अवयवांची खरेदी-विक्री १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी किडनीचे दलाल पकडले जातातच. विकणारा कधी बंगल्यातला असतो का? माणसाच्या मांसाला भाव फुटला तर पेशी द्यायला रांगेत कोण उभं राहील, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून विक्रीला माझा साफ विरोध आहे, मग मांस कितीही स्वच्छ असो आणि कागद कितीही पक्का असो.

कोणी स्वतःच्याच पेशी वाढवून स्वतःच खाल्ल्या तर? मी त्याला पापी म्हणणार नाही. त्यात दुसऱ्याचं काही गेलेलं नाही. कायद्याने त्याच्यामागे लागण्यातही मला अर्थ दिसत नाही. पण त्याने मला ताट पुढे केलं तर मी जेवणार नाही, आणि तो पाय मागायला आलेली माणसं आठवली की मला त्याचं कारण वेगळं शोधावं लागत नाही.

असं मांस खाऊन रोग होईल का, हेही विचारलंत. पापुआ न्यू गिनीच्या फोरे लोकांत मेलेल्या आप्तांचा मेंदू खाण्यातून कुरू हा जीवघेणा आजार पसरला होता, हे खरं. तपासलेल्या स्नायूपेशींत तेवढा धोका नसावा, पण माणसाचे विषाणू माणसाच्या पेशीत सहज वाढतात, त्यामुळे तपासणी कोंबडीच्या मांसापेक्षा कडक लागेल.

आणि तुमच्या जैन मित्राचा प्रश्न, प्रयोगशाळेतलं चिकन चालेल का? सिंगापूरने डिसेंबर २०२० मध्ये त्याच्या विक्रीला परवानगी दिली, अमेरिकेने २०२३ मध्ये, इटलीने त्याच वर्षी बंदी घातली. चालेल की नाही ते त्यांनी स्वतः ठरवावं. मात्र आधी सीरमचं विचारून घ्यायला सांगा.