इस्राएलच्या हाय-टेक कंपन्यांत अरब नागरिक इतके कमी का? त्यांना आत आणायला खरंच काय उपयोगी पडतं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की अरब नागरिकांना सैन्यात जावं लागत नाही, म्हणून ते हाय-टेकमध्ये मागे पडतात असं ऐकलं, हे खरं का. ही ओळ वाचली आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. हे कारण मी तीस वर्षं ऐकतोय. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं झाकायला फार सोयीचं आहे.

आधी मी कोण ते सांगतो. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातला. घराणं अलिबागकडचं, वाढलो ठाण्यात, मशिदीच्या मागच्या गल्लीत. (आमच्यात सिनेगॉगला मशीदच म्हणतात. इथे अरब सहकाऱ्यांना हे सांगितलं की ते दोनदा विचारून खात्री करून घेतात.) 1995 मध्ये, एकतिसाव्या वर्षी, बायको आणि एक मुलगी घेऊन इथे आलो. तेव्हापासून उत्तर इस्राएलमधल्या हैफा शहराच्या आसपासच नोकरी केली.

गोष्ट 2009 सालची. ज्या कंपनीत होतो तिचं नाव देत नाही. माझ्या टीममध्ये एक जागा भरायची होती. मुलाखत घ्यायला आम्ही तिघे: विभागप्रमुख, एचआरची बाई आणि मी. त्या दिवशी नाझरेथजवळच्या एका गावातली मुलगी आली होती. टेक्निऑनची, म्हणजे हैफाच्या तंत्रज्ञान विद्यापीठाची पदवी, गुण चांगले, वय बावीस.

आमच्याकडे तेव्हा छापील फॉर्म होता. दुसऱ्या पानावर रकाना: सैन्यसेवा, युनिट, काम, काळ. तिने त्यात निळ्या पेनाने आडवी रेघ मारली होती. बाकीच्या फॉर्मवर अक्षर घाईचं होतं. ही रेघ मात्र सावकाश ओढलेली, फूटपट्टी लावल्यासारखी सरळ.

मी तिला रिंग बफर लिहायला सांगितला, म्हणजे संगणकाच्या स्मृतीतली गोल फिरणारी रांग. हे काम करणाऱ्यांना ठाऊक असेल, बफर पूर्ण भरला आणि पूर्ण रिकामा झाला तरी दोन्ही वेळा डोकं आणि शेपूट एकाच जागी दिसतात. बरेच जण तिथे अडकतात आणि आपण अडकलोय हे त्यांच्या लक्षातही येत नाही. तिने सहा-सात ओळी लिहिल्या, थांबली, तळहाताच्या कडेने एक ओळ पुसली आणि म्हणाली, "एक खण कायम मोकळा ठेवते, म्हणजे फरक कळेल." मला हवं होतं ते हेच.

आमचा विभागप्रमुख खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "गरज नाही. जागा फुकट घालवतेयस." हा त्याचा ठरलेला डाव होता. मुद्दाम चुकीचं बोलायचं आणि समोरचा भांडतो का बघायचं. इथली बरीच मुलं अशा वेळी फळ्याकडे बोट दाखवून तोंडावर सांगतात की तुम्ही चुकताय. ती म्हणाली, "कदाचित." आणि गप्प राहिली. फळ्यावरचं तिने पुसलं नाही, बदललंही नाही.

ती गेल्यावर तो म्हणाला, "हुशार आहे, पण रोश गादोल नाही. आपल्यात बसणार नाही." रोश गादोल म्हणजे शब्दशः मोठं डोकं. हा सैन्यातला शब्द. सांगितल्यापलीकडे पुढाकार घेणारा, तो रोश गादोल. मी म्हटलं, "तिचं उत्तर बरोबर होतं." तो म्हणाला, "मग काय, दर्जा खाली आणायचा का आपण?" यावर मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. बावीस वर्षांच्या मुलीने पन्नाशीच्या माणसाला तोंडावर 'चूक' म्हणायचं नाही, हे जसं तिच्या गावात शिकवतात तसंच ठाण्यात मलाही शिकवलं होतं. त्या टेबलावर तिचं ते 'कदाचित' ओळखणारा मी एकटाच होतो.

जागा मिळाली ती पंचवीस वर्षांच्या एका मुलाला. गुप्तवार्ता विभागातल्या युनिटमधून आलेला, आमच्याच एकाने नाव सुचवलेला. मुलगा चांगला निघाला, हेही सांगितलं पाहिजे.

आणि आता तुमच्या सैन्याच्या मुद्द्याबद्दल. 1995 मध्ये मी जे फॉर्म भरले त्यांतही तो रकाना कोराच होता. तिशी उलटून आलेल्या मला सैन्याने बोलावलंच नाही. पण त्यावरून एकाही मुलाखतीत मला कुणी हटकलं नाही. माझा कोरा रकाना म्हणजे 'उशिरा आला', तिचा कोरा रकाना म्हणजे 'आपली नाही'. कागद तोच होता. दुसरं उदाहरण द्रुझ समाजाचं, तेही अरबी बोलणारे, पण वेगळ्या धर्माचे. द्रुझ पुरुषांना 1956 पासून सक्तीची सेवा आहे, तरी त्यांच्या गावांतून हाय-टेकला रीघ लागलेली नाही. गणवेश घातला की दार उघडतं, असं नाही. उघडतात ती मोजक्या तांत्रिक युनिट्समधल्या ओळखी. 8200 या गुप्तवार्ता युनिटमधून बाहेर पडलेल्याला पुढची वीस वर्षं पुरतील एवढे दोस्त मिळालेले असतात.

तर मग अरब कमी का? देशात पाचात एक नागरिक अरब आहे, हाय-टेकमध्ये शंभरात पाचसुद्धा नाहीत. माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट ओळखीची. इथे भरती 'खावेर मेवी खावेर' पद्धतीने होते, म्हणजे मित्राने मित्राला आणायचं, वर बक्षीसही मिळतं. ज्या इमारतीत अरब मित्रच नाही तिथे अरब येणार कुठून? त्यानंतर वय. ज्यू मुलगा सैन्य करून, थोडं जग फिरून, एकविशी-बाविशीत कॉलेजात पाऊल ठेवतो. अरब मुलगी अठराव्या वर्षी जाते आणि बावीसला बाहेर पडते. दोघांना एकाच खुर्चीत बसवून 'परिपक्वता' तपासली की ती हरणारच. तिसरं अंतर. बहुतेक कंपन्या मध्यभागी तेल अवीव आणि हर्झलियाला, अरब वस्ती मोठ्या प्रमाणात उत्तरेला गालीलात. अरब गावांना बससेवा कशी असते ते तिथे राहणाऱ्याला विचारा. शिवाय शाळा अरबीत, कॉलेज हिब्रूत, आणि पाच युनिटचं, म्हणजे शाळेतलं सगळ्यात वरच्या पातळीचं गणित शिकवणारे वर्ग कमी.

एवढं असूनही टेक्निऑनमध्ये पदवीला आज पाचात एक विद्यार्थी अरब आहे. म्हणजे 'मुलंच मिळत नाहीत' ही सबब निदान हैफात तरी चालत नाही. हुशार अरब मुलं पूर्वीपासून डॉक्टर, फार्मासिस्ट, वकील होत आली. त्याचं कारण साधं आहे: तिथे परवाना मिळाला की कुणी युनिट विचारत नाही. इथल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात जा, काउंटरमागे कोण आहे ते बघा. आणि 'दर्जा' म्हणाल तर ॲपलच्या चिप ज्यांच्या देखरेखीखाली घडल्या ते जॉनी स्रूजी हैफाचे अरब, टेक्निऑनचेच. नाझरेथमध्ये रीम आणि इमाद युनिस या नवराबायकोने 1993 मध्ये गाडी आणि लग्नातली सोन्याची नाणी विकून अल्फा ओमेगा सुरू केली. मेंदूच्या शस्त्रक्रियेत सर्जनला नेमकी जागा दाखवणारी यंत्रं ते बनवतात. दर्जाचा प्रश्न काढणाऱ्यांनी आधी एकदा तिथे जाऊन यावं.

मला या शब्दाचा राग का, तेही सांगतो. माझे मामा पन्नासच्या दशकात इथे आले. 1962 मध्ये मुख्य रब्बीनेटने, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या सरकारमान्य संस्थेने फर्मान काढलं की बेने इस्राएल माणसाचं लग्न नोंदवण्याआधी त्याच्या पूर्वजांची चौकशी करा. म्हणजे आम्ही पुरेसे ज्यू आहोत की नाही ते तपासा. 1964 मध्ये आमची माणसं यरुशलाईमला धरणं धरून बसली. मामा त्यात होते. पंतप्रधान एश्कोल यांना जाहीर सांगावं लागलं की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत, मग रब्बीनेटला मागे यावं लागलं. मामा म्हणायचे, "तेव्हाही शब्द असेच गोड होते. कुणी 'काळे' म्हणत नव्हतं, 'नियम' म्हणत होते." मुलाखतीच्या त्या दिवशी मला हे आठवलं, पण टेबलावर तोंडातून निघालं नाही.

काय उपयोगी पडतं, तर मी जे जवळून पाहिलं तेच सांगतो. 2008 मध्ये अरब आणि ज्यू मंडळींनी मिळून त्सोफेन नावाची संस्था काढली. त्यांचं म्हणणं दोन कलमी होतं. मुलांना मुलाखतीसाठी तयार करा, आणि कंपन्यांना नाझरेथ आणि कफर कासिम या अरब शहरांमध्ये आणा. दुसरं कलम जास्त महत्त्वाचं. ऑफिस गावाजवळ आलं की लहान मुलं असलेल्या बाईला नोकरी टिकवता येते, आणि 'मित्राने मित्राला आणायचं' हे यंत्र अरबांच्या बाजूनेही फिरू लागतं. अरब समाजासाठी सरकारी पैसाही आला: मंत्रिमंडळाचा 2015 चा 922 क्रमांकाचा ठराव, 2021 चा 550. शाळा आणि रस्ते यांसाठी तो हवाच होता. पण मुलाखतीच्या खोलीत ठराव बसलेला नसतो, आम्ही बसलेलो असतो.

2013 पासून मी शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी नाझरेथला सराव-मुलाखती घ्यायला जाऊ लागलो. पहिल्याच वर्षी तिथे ती 2009 ची मुलगी भेटली. दुसऱ्या कंपनीत लागली होती आणि माझ्यासारखीच मुलाखती घ्यायला आली होती. तिने मला आधी ओळखलं. कॉफी हातात देऊन म्हणाली, "तो एक खण मोकळा ठेवणं बरोबर होतं ना?" मी म्हटलं, "बरोबरच होतं." ती म्हणाली, "मग तेव्हा का नाही म्हणालात?"

म्हणून मुलाखत घेणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं हे: सैन्याचा रकाना फॉर्मवरून काढा. 'आपल्यात बसणार नाही' हे वाक्य खोलीत बंद करा. ज्याला नकार द्यायचाय त्याने उमेदवाराच्या उत्तरात नेमकं काय चुकलं ते लिहून द्यावं. लिहिता येत नसेल तर नकारही देऊ नये. आणि उमेदवार समोर बसलेला असतानाच 'तुझं बरोबर आहे' म्हणा, तो गेल्यावर नको. वर्षातून एकदा अरब विद्यार्थ्यांना बोलावून सामोसे आणि फोटो असले कार्यक्रम बंद झाले तरी काही बिघडणार नाही.

मी लिहिलं ते हैफा आणि गालीलपुरतं. दक्षिणेतल्या नेगेव वाळवंटातल्या बेदुईन अरबांच्या गावांची गोष्ट वेगळी आहे, तिथे आधी वीज आणि शाळेची वाट यांचा प्रश्न आहे. ज्या कंपन्या संरक्षणखात्याचं काम करतात तिथे सुरक्षा-परवान्याची भिंत खरी आहे, ती मुलाखतकाराच्या हातात नाही. भारताने यातून काय घ्यावं असंही तुम्ही विचारलंय. मी 1995 नंतर भारतात नोकरी केलेली नाही, त्यामुळे ते तिथल्यांनी सांगावं.

7 ऑक्टोबर 2023 च्या हमासच्या हल्ल्यानंतर सगळंच अवघड झालंय. दोन्हीकडे भीती आहे. त्यानंतरच्या हिवाळ्यात सरावाला आलेल्या एका मुलाने मला विचारलं, कामाच्या जागी आईचा फोन आला तर उचलून अरबीत बोलू का, की बाहेर जाऊन बोलू? मी म्हटलं, तिथेच उचल. त्याने मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. हैफाच्या रस्त्याला लागेपर्यंत मी विचार करत होतो की मी त्याच्या जागी असतो तर उचलला असता का.