नागपूरच्या कॉलेजात पर्यायी प्रथिनांवर काम कुठून सुरू करावं?

फूड टेक्नॉलॉजीचं तिसरं वर्ष, पाच जणांचा गट, अभ्यासक्रमात हा विषय नाही आणि पहिल्याच सेमिस्टरला सोयाबीनचं 'मटण' करायचा बेत, असं तुम्ही लिहिलंय. तो बेत सध्या बाजूला ठेवा. मांसासारखे तंतू यायला ट्विन-स्क्रू एक्स्ट्रूडर (दोन स्क्रूंनी पीठ दाबत पुढे ढकलणारं यंत्र) आणि थंड ठेवलेली डाय (त्याचं बाहेर पडायचं तोंड) लागते. त्याशिवाय केलेला प्रयोग फार तर सोया वडीपर्यंत पोचतो. त्याऐवजी सोयाबीनमधलं प्रथिन वेगळं काढा आणि त्यातलं किती कुठे गेलं, याचा हिशेब जुळवा.

पहिली ठेच लागते ती कच्च्या मालात. विदर्भात सॉल्व्हंट प्लांटची डीओसी (तेल काढून उरलेली सोयाबीनची पेंड) स्वस्त मिळते, प्रथिनही भरपूर, म्हणून तीच आणली जाते. पण ती कोंबडी-जनावरांच्या खाद्यासाठी वाफेवर भाजलेली असते. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते आणि ते पाण्यात उतरत नाही. मग गट महिनाभर पीएच बदलत बसतो, उतारा काही वाढत नाही. म्हणून आधी हे तपासा: 5 ग्रॅम पीठ 200 मिली पाण्यात, 30 अंशाला, 2 तास ढवळा, सेंट्रिफ्यूज करून वरच्या पाण्याचं केल्डाल (नायट्रोजन मोजायची चाचणी) करा. पिठातल्या एकूण नायट्रोजनपैकी 80 टक्क्यांच्या आसपास पाण्यात आला तर माल कामाचा. भाजलेली डीओसी या आकड्याच्या जवळही जात नाही.

सोपा मार्ग म्हणजे कळमन्याच्या बाजारातून सोयाबीन आणून पीठ स्वतः करणं. साल काढा, दळा, 60 मेशच्या चाळणीतून चाळा. मग 1 भाग पिठाला 5 भाग हेक्झेन घालून, गरम न करता, तीनदा तेल काढा. हे फ्यूम हूडमध्येच. जवळ ज्योत, हॉटप्लेट काही नको. हेक्झेन 69 अंशाला उकळतं, नागपूरच्या मे महिन्यात तर त्याची वाफ विशेष झपाट्याने पसरते.

आता 20 ग्रॅम पीठ, 200 मिली डिस्टिल्ड पाणी. नळाचं किंवा बोअरचं नको, त्यातलं कॅल्शियम प्रथिनाला धरून ठेवतं. 1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच 8.5 ते 9 करा आणि तासभर ढवळा. पीएच आपोआप उतरत जातो, दर दहा मिनिटांनी बघून पुन्हा वर आणा. 10च्या वर मात्र जाऊ नका: तिथे लायसिनोअॅलानिन (प्रथिनातल्या लायसिनपासून होणारं नको असलेलं संयुग) तयार होऊ लागतं आणि पोषणमूल्य घटतं. सेंट्रिफ्यूज करा, चोथ्यातून 100 मिली पाण्याने पुन्हा एकदा काढा. दोन्ही द्रावणं एकत्र करून 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घाला. 5च्या खाली गेल्यावर दूध नासल्यासारखे कण दिसतात, 4.5ला थांबा. घाईत 4च्या खाली गेलात तर प्रथिन पुन्हा विरघळायला लागतं, आणि अल्कली घालून मागे आणलं की मीठ वाढतं. खाली बसलेलं प्रथिन, म्हणजे साका, वरच्या पाण्यापासून वेगळा करून 4.5 पीएचच्याच पाण्याने दोनदा धुवा, थोड्या पाण्यात कालवून 7वर आणा आणि फ्रीझ ड्रायरमध्ये वाळवा. तो नसेल तर ट्रे ड्रायरमध्ये 50 अंशाला, पातळ थरात. जाड थर कडक, पिवळट होतो आणि नीट विरघळत नाही. 6-7 ग्रॅम मिळालं तर चांगलं.

इलेक्ट्रोडकडे लक्ष असू द्या. काचेच्या टोकावर प्रथिनाचा पापुद्रा बसला की आकडा हळूहळू सरकतो, आणि 4.5 समजून तुम्ही 4.9ला थांबलेले असता. दर बॅचनंतर 0.1 नॉर्मल आम्लात बुडवून धुवा.

चोथा, वरचं पाणी (धुण्याचं धरून) आणि वाळलेली भुकटी, तिन्हींतला नायट्रोजन मोजून सुरुवातीच्या आकड्याशी ताळा घ्या. 95 टक्के जुळलं तर तुमची पद्धत खरी. नाही जुळलं तर चवीढवीच्या, जेलच्या चाचण्यांना हात लावू नका. आणि हेक्झेनचा माल, केमिस्ट्री लॅबच्या भांड्यातला माल, कुणालाही चाखायला देऊ नका. चाखायचं असेल तर वेगळं स्वयंपाकघर, खाद्य दर्जाची रसायनं आणि एथिक्स कमिटीची परवानगी.

लाखोळी आणि सरकी इथली पिकं म्हणून खुणावतात. लाखोळीत ओडीएपी आहे, सरकीत गॉसिपॉल, दोन्ही विषारी. ते मोजायची सोय आणि ते मोजू शकणारा मार्गदर्शक मिळाल्याशिवाय तिकडे वळू नका.

शिक्षणाचं म्हणाल, तर अभ्यासक्रम बदलायला विद्यापीठाच्या अभ्यास मंडळातून आणि विद्वत परिषदेतून जावं लागतं, त्यात तुमची पदवी संपेल. कॉलेज पातळीवर 30 तासांचा व्हॅल्यू-अॅडेड कोर्स मागा: 10 तास व्याख्यानं, 20 तास वर लिहिलेलं प्रात्यक्षिक. गुड फूड इन्स्टिट्यूटचा अल्ट प्रोटीन प्रोजेक्ट विद्यार्थी-गटांसाठीच आहे, त्यांच्याकडे अर्ज करा; त्यांचं वाचनसाहित्य मोफत मिळतं. नागपूरच्या एलआयटीत (आताची लक्ष्मीनारायण इनोव्हेशन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी) फूड आणि ऑइल टेक्नॉलॉजी दोन्ही आहेत, उपकरणांसाठी तिथे रीतसर पत्र द्या.

नवं सोयाबीन ऑक्टोबरात येतं. तेव्हा एकाच लॉटचं 10 किलो घ्या, वाणाचं नाव लिहून ठेवा आणि हवाबंद पिशवीत फ्रीजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात बाहेर राहिलेल्या सोयाबीनला खवट वास येतो आणि त्याची विद्राव्यताही घटते, मग जानेवारीचे आकडे मेच्या आकड्यांशी जुळत नाहीत.